रक्ताचा हवाला

‘एमबीए करून कुणी मारवाडी झालाय का?’ हे वाक्य मराठी घरांत इतक्यांदा ऐकू येतं की आता तो प्रश्न उरलेला नाही, निकाल झाला आहे. चाकणला स्वतःच्या हिमतीवर वर्कशॉप उभं केलेला कारखानदार ते ऐकवतो. बँकेतून निवृत्त झालेले काका ऐकवतात. ज्यांच्या मुलीला नुकताच व्यवस्थापनाच्या अभ्यासक्रमाला प्रवेश मिळालाय ते वडीलसुद्धा, फीची पावती खिशात असताना, हसत हसत तेच म्हणतात. धंदा ही रक्तातली गोष्ट. ज्याच्या रक्तात आहे त्याला शाळा नको आणि ज्याच्या नाही त्याला शाळेचा उपयोग नाही. मग विद्यापीठाने व्यवस्थापनाचा विभाग चालवायचा कशाला? आणि वर त्यात ‘संशोधन’ म्हणजे सरकारी खर्चाने पाट्या टाकणं. पोरांना मुलाखतीला बसायला शिकवा, नोकरीला लावा, आणि ही पीएचडीची दुकानं बंद करा.

मी असल्याच विभागांत उमेदीची वर्षं घालवली आहेत, तेव्हा माझा स्वार्थ उघड आहे. म्हणून पुण्या-मुंबईची सोयीची उदाहरणं बाजूला ठेवतो आणि हा वाद प्रतिपक्षाच्याच अंगणात, जयपूरला नेतो. रक्ताचा हवाला देणाऱ्यांची काशी तिथेच आहे.

सुरुवातीलाच एक खुलासा. ज्यांना आपण सरसकट मारवाडी म्हणतो त्यांतली काही सर्वांत मोठी घराणी मारवाडातली नाहीतच. बिर्ला पिलानीचे, पोदार नवलगढचे, आणि ज्यांना वर्धेने आपलं मानलं ते जमनालाल बजाज १८८९ साली सीकरजवळच्या काशी का बास या खेड्यात जन्मले. हा सगळा पट्टा शेखावाटीचा; जुन्या जयपूर संस्थानात मोडणारा. आता सिद्धांत तपासू. अगरवाल आणि माहेश्वरी घराणी या वाळूत कित्येक पिढ्या राहत होती. कलकत्त्याच्या तागाच्या आणि मुंबईच्या कापसाच्या बाजारावर त्यांची पकड बसली ती मात्र एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि विसाव्याच्या आरंभी. आजोबांचं रक्त आणि नातवाचं रक्त एकच होतं. मध्ये आगगाडी आली होती, संस्थानातले जुने व्यापारी रस्ते ओस पडले होते, अफूच्या सट्ट्यात हात तयार झाले होते आणि इंग्रज कंपन्यांना देशी दलाल हवे होते. आणि ज्यांनी तेव्हा गाव सोडलं त्यांतले सगळेच काही हवेल्या बांधायला परतले नाहीत. बुडालेल्यांची नावं कुठल्या दरवाज्यावर कोरलेली नसतात. त्यांच्या रक्तात काय कमी होतं, हे सिद्धांत सांगत नाही.

थॉमस टिंबर्ग या अमेरिकन अभ्यासकाने १९७८ साली मारवाड्यांवरचं पुस्तक प्रसिद्ध केलं. या व्यापाऱ्यांचं यश कशावर उभं होतं याचा त्याने कागदपत्रांतून शोध घेतला. कलकत्त्याला नव्याने उतरलेल्या पोराला राहण्या-जेवणाची सोय करणारे ‘बासे’ होते, म्हणजे आपल्या गिरणगावातल्या खानावळींचा व्यापारी अवतार. बायकामुलं गावी एकत्र कुटुंबात सुरक्षित, म्हणून पुरुष दूरच्या मुलखात जोखीम घेऊ शके. पोराने आधी दुसऱ्याच्या गादीवर उमेदवारी करायची, मग मुनिमी, मग एखादवेळी भागीदारी. आणि या सगळ्याखालून हुंडीचं जाळं: कोणाची पत किती, कोणाची हुंडी परत आली, याची बातमी गादीवरून गादीवर पोचत असे. बिर्लांच्या कारखान्यांत पुढे ‘पडता’ नावाची पद्धत रुळली. प्रत्येक कारखान्याचा नफा-तोटा रोजच्या रोज काढायचा आणि आधी बांधलेल्या अंदाजाशी ताडून पाहायचा. यातली कुठली गोष्ट रक्तातून आली? खानावळ, उमेदवारी, पत, हिशेब. ही सगळी बांधलेली व्यवस्था आहे. माणसांनी बांधली, मोडली तेव्हा दुरुस्त केली, काही ठिकाणी ती कायमची मोडली. जी गोष्ट बांधली जाते ती कशी बांधली हे शोधता येतं, आणि शोधलेलं शिकवता येतं.

ही ताकद कुठे असते हे मराठी माणसाला एके काळी चांगलं ठाऊक होतं. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला बाजाराच्या दिवशी शेतकरी उठले आणि गुजर-मारवाडी सावकारांच्या घरांवर गेले. दंगा भीमथडीतून नगर जिल्ह्यापर्यंत पसरला. त्या दंग्याची खूण अशी की लोकांचा रोख सावकाराच्या जिवापेक्षा त्याच्या कागदांवर होता. खतं, रोखे आणि वह्या बाहेर काढून त्यांची होळी केली. सरकारने नेमलेल्या आयोगाने मग कर्ज, व्याज, सारा आणि कोर्टाचे हुकूमनामे यांचा गुंता तपासला आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला. सुप्याच्या कुणब्याला कळत होतं की सावकार मोठा आहे तो वहीमुळे आणि त्या वहीमागच्या कोर्टामुळे. त्याच कुणब्याचे पणतू आज ‘त्यांच्या रक्तातच असतं बुवा’ म्हणून मोकळे होतात. नम्रतेच्या पांघरुणाखाली ही नुसती आळशीपणाची सोय आहे. रक्तात असतं म्हटलं की आपण काही करायचं उरत नाही.

आता ज्यांच्या रक्तात होतं त्यांनी काय केलं ते पाहा. जमनालालांचे नातू राहुल बजाज १९६४ साली हार्वर्डमधून एमबीए झाले आणि मग आकुर्डीची स्कूटर घराघरांत पोचली. कुमारमंगलम बिर्ला सनदी लेखापाल झाले, तरी भागलं नाही म्हणून लंडन बिझनेस स्कूलला गेले. मुंबई विद्यापीठाने १९६५ साली स्टॅनफर्डच्या सहकार्याने व्यवस्थापनाची संस्था काढली तिला नाव जमनालाल बजाजांचं. माटुंग्याचं पोदार कॉलेज १९४१ पासून वाणिज्य शिकवतंय. त्याच पोदार घराण्याच्या नावाने जयपूरला राजस्थान विद्यापीठात व्यवस्थापनाची संस्था उभी आहे, जवाहरलाल नेहरू मार्गावरच्या आवारात. रक्ताने भागत असतं तर या मंडळींनी शाळांवर पैसा कशाला घातला असता? पैसा कुठे घालू नये हे तर त्यांना नक्की कळतं, असं आपणच सांगत असतो ना?

तिथल्या विद्यापीठाची एक हकिकत आपल्या लोकांना माहीत असायला हरकत नाही. जानेवारी १९४७ मध्ये राजपुताना विद्यापीठ म्हणून ते सुरू झालं, १९५६ साली राजस्थान विद्यापीठ झालं. त्याच्या पायाभरणीच्या वर्षांत कुलगुरू होते रँग्लर ग. स. महाजनी, फर्ग्युसनचे प्राचार्य राहिलेले. संस्थानं नुकतीच विलीन होत असलेल्या, शिक्षणात फार मागे पडलेल्या मुलखात विद्यापीठ रुजवण्याचं काम एका पुणेकर गणितज्ञाने केलं. (पुणेकरांनी बाहेर जाऊन कामं केली तेव्हाच्या गोष्टी या.) विद्यापीठाने व्यवस्थापन शिकवण्याचा खरा अर्थ त्या मुलखातच उलगडतो, कारण तिथे ज्ञान कुलुपात ठेवायची जुनी रीत होती.

राजस्थानी पेढ्यांवरच्या वह्या महाजनी लिपीत, ‘मुडिया’त लिहिल्या जात. आपल्या मोडीसारखीच ती झरझर लिहायची, पण तिच्यात बहुतेक काना-मात्रा गाळलेल्या. त्यावरचा एक विनोद तिकडे सगळ्यांना पाठ आहे: पेढीवरून घरी चिठ्ठी आली, ‘काकाजी अजमेर गये’, आणि घरच्यांनी वाचलं ‘काकाजी आज मर गये’, आणि रडारड सुरू झाली. विनोद सोडा, पण त्या लिपीचा फायदा कुणाला होता? ज्याला संदर्भ आधीच माहीत आहे त्यालाच ती नीट वाचता येई. ऋणकोला आपल्याच कर्जाची नोंद वाचता येत नसे. रक्तातल्या ज्ञानाची ही शाळा अशी होती. तिथे प्रवेशपरीक्षेत एकच प्रश्न, बाप कोण? मुलीला तिथे जागा नव्हती. जयपूरजवळच्या बगरूला ठसे मारून कापड छापणाऱ्या छीपा घरातल्या पोराला नव्हती. जयपूरचा पन्ना जगात जातो, पण तो घासणाऱ्या कारागिराच्या मुलाला, आणि त्या कारागिरांत मुसलमान मोठ्या संख्येने आहेत, गादीवर बसायला कुणी बोलावलं नाही. विद्यापीठाच्या वर्गात ही सगळी मुलं एका बाकावर बसतात आणि खेळतं भांडवल कसं मोजायचं ते कुणाच्या बापाला न विचारता शिकतात. ज्यांना हे वर्ग बंद करायचे आहेत त्यांनी सांगावं की या मुलांनी ते कुठे शिकायचं. गादीवर?

यावर लगेच उत्तर येतं की शिकवा, पण संशोधन कशाला? धंदा बाजारात शिकतात, पुस्तकात नाही.

चला मग बाजारात. जोहरी बाजारातून गोपालजी का रास्ता या गल्लीत शिरा. दुकानांच्या पायऱ्यांवर, गल्लीच्या तोंडाशी माणसं उभी असतात. शर्टाच्या खिशातून घडी घातलेली कागदाची पुडी निघते, ती उलगडली की आत हिरवे, निळे, लाल खडे. समोरचा चिमट्याने एक उचलतो, उजेडाकडे धरतो, परत ठेवतो, दोन शब्द बोलतो, पुडी मिटते. हा दलाल, माल त्याचा नाही. पुष्कळ माल जांगडावर दिलेला असतो: चिठ्ठीवर वजन, भाव, नाव, आणि पसंत पडून सौदा पक्का होईपर्यंत मालकी देणाऱ्याचीच. लाखोंचा माल एका चिठ्ठीवर फिरतो. झांबियातून, ब्राझीलमधून आलेला कच्चा दगड इथे पैलू पडून पुन्हा परदेशी जातो, आणि मधल्या वाटेवर वकील क्वचितच भेटतो.

आता या गल्लीत पन्नास वर्षं काढलेल्या दलालाला विचारा, हे चालतं कसं? तो म्हणेल, ‘भरोसे पे.’ अगदी खरं सांगितलं त्याने, आणि तरी काहीच सांगितलं नाही. भरवसा न्यूयॉर्कच्या हिरे बाजारातही आहे. तिथे लिसा बर्नस्टीन या कायद्याच्या अभ्यासिकेने १९९२ साली प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात दाखवून दिलं की तो भरवसा हवेत नसतो. व्यापाऱ्यांच्या क्लबचे स्वतःचे नियम असतात, स्वतःचे लवाद असतात, आणि शब्द फिरवणाऱ्याची बातमी जगभरच्या हिरे बाजारांत पोचवायची व्यवस्था असते. ती व्यवस्था आहे म्हणून कोर्टाची पायरी चढावी लागत नाही. मग पुढचे प्रश्न सुचतात. मोबाइल आल्यावर, अनोळखी खरीददार फोटो पाहून माल मागवू लागल्यावर, ही बदनामीची भीती टिकते का? तरुण पोरं दलालीत यायला तयार नसतील तर पत कोण मोजणार? जातीबाहेरच्या नवख्या व्यापाऱ्याला जांगडावर माल मिळायला किती वर्षं लागतात? यांची उत्तरं दलालाजवळ नाहीत. तो पोहतो, पाण्याची खोली मोजायचं काम त्याचं नव्हे. ते काम विद्यापीठाचं आहे आणि त्यालाच संशोधन म्हणतात.

कामातलं ज्ञान आणि अभ्यासातलं ज्ञान एकत्र आलं की काय होतं याचा दाखला त्याच शहरात आहे. १९६८च्या सुमारास सवाई मानसिंग रुग्णालयात डॉ. प्रमोद करण सेठी हे अस्थिशल्यविशारद आणि रामचंद्र शर्मा हे कारागीर, ज्यांना सगळे मास्टरजी म्हणत, यांनी मिळून एक कृत्रिम पाय घडवला. परदेशी पायाला बूट लागे. तो घालून उकिडवं बसता येत नसे, मांडी घालता येत नसे, चिखलात अनवाणी चालता येत नसे. डॉक्टरला सांध्यांची हालचाल कळत होती, मास्टरजींना लाकूड, रबर आणि साचा कळत होता. मास्टरजींचं शालेय शिक्षण जेमतेम. एकट्या सेठींना तो पाय जमला नसता आणि एकट्या मास्टरजींना त्याची परीक्षा घेता आली नसती. सेठी तेवढ्यावर थांबले नाहीत. १९७८ साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या पायाची माहिती कृत्रिम अवयवांच्या आंतरराष्ट्रीय शोधपत्रिकेत छापली, आणि पेटंट घेतलं नाही. म्हणजे जे गवसलं ते सगळ्यांसाठी उघडं करून ठेवलं. मुडियातल्या वहीच्या बरोबर उलट रीत.

पण पाय घडला म्हणजे तो लोकांना मिळाला असं होत नाही, आणि व्यवस्थापन नावाचा विषय नेमका तिथे सुरू होतो. सनदी अधिकारी डी. आर. मेहता, जे पुढे १९९५ ते २००२ सेबीचे अध्यक्ष होते, त्यांनी १९७५ साली भगवान महावीर विकलांग सहायता समिती स्थापन केली आणि पाय फुकट द्यायला सुरुवात केली. लांबून आलेला गरीब माणूस चकरा मारत नाही. दुसऱ्यांदा बोलावलं तर तो येतच नाही. म्हणून माप घेण्यापासून पाय चढवून चालवून पाहण्यापर्यंत सगळं एका फेरीत उरकायचं, तोवर त्याला आणि सोबत्याला तिथेच राहू-जेवू द्यायचं. हे ठरवणं वैद्यकाचं नाही, कारागिरीचंही नाही. रांग कुठे लावायची, साचे किती आधी करून ठेवायचे, पैसा कुठून आणायचा, हे निर्णय आहेत.

आता ज्या गोष्टीची मला खरी चीड येते ती सांगतो. या पायाच्या, म्हणजे ‘जयपूर फुट’च्या, व्यवस्थेचा जगभर वाचला गेलेला अभ्यास कुणी लिहिला? व्यवस्थापनतज्ज्ञ सी. के. प्रल्हाद यांच्या २००४ साली आलेल्या पुस्तकात तो आहे, आणि त्या पुस्तकातल्या प्रकरणांचं शोधकाम केलं मिशिगन विद्यापीठाच्या एमबीएच्या विद्यार्थ्यांनी. मिशिगनची मुलं समुद्र ओलांडून आली. नेहरू मार्गावरचं विद्यापीठ त्या रुग्णालयापासून काही किलोमीटरवर. आपणही हसायला नको, मुंबईच्या डबेवाल्यांवरचा गाजलेला अभ्यास हार्वर्डने २०१० साली काढला. आणि आपण काय केलं? ‘सिक्स सिग्मा’ची आणि एक कोटी साठ लाख डब्यांत एक चूक होते अशी गोष्ट व्हॉट्सअॅपवर फिरवली. ‘सिक्स सिग्मा’चं प्रमाणपत्र म्हणे फोर्ब्सने दिलं. फोर्ब्स हे मासिक आहे, प्रमाणपत्र देणारं कार्यालय नाही. आणि एक कोटी साठ लाखांत एक चूक मोजायची तर आधी प्रत्येक डब्याची नोंद हवी. ती ठेवणारं कुणी नव्हतं. डबेवाल्यांचं काम अफाट आहे, त्यांना या आकड्याची गरज नाही. गरज आपल्याला होती, कारण दादर स्टेशनाच्या फलाटावर उभं राहून मोजण्यापेक्षा अभिमान बाळगणं स्वस्त पडतं.

इथे प्रतिपक्ष मला पकडणार हे दिसतंय. म्हणेल, तुमच्याच तोंडाने सांगितलंत की विद्यापीठांनी काही केलं नाही, मग बंद का करू नयेत?

विद्यापीठांतलं बरंचसं व्यवस्थापन-संशोधन टाकाऊ आहे, हे मला कुणी सांगायला नको. असले प्रबंध मी तपासले आहेत. काळं रेक्झिनचं बाइंडिंग, सोनेरी अक्षरं, आत अमुक शहरातल्या खासगी बँकांमधल्या कर्मचाऱ्यांचं समाधान. दोनशे जणांची प्रश्नावली, ‘पूर्णतः सहमत’पासून ‘पूर्णतः असहमत’पर्यंत पाच खाने, आणि भरणारे निम्मे स्वतःच्याच नात्यातले. काय-स्क्वेअर काढायचा, गृहीतक सिद्ध झालं म्हणायचं, शेवटच्या प्रकरणात व्यवस्थापनाने कर्मचाऱ्यांशी संवाद वाढवावा अशी शिफारस करायची. ती शिफारस प्रश्नावली छापायच्या आधीही करता आली असती. शहराचं नाव बदललं की नवा प्रबंध तयार.

पण ही घाण आली कुठून तेही पाहावं लागतं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१६च्या नियमांत प्रबंध देण्याआधी शोधपत्रिकेत निबंध छापणं सक्तीचं होतं. सक्ती आली तशी पैसे घेऊन छापणारी दुकानंही आली, आणि २०१८ साली आयोगालाच आपल्या मान्य यादीतून ४३०५ शोधपत्रिका काढून टाकाव्या लागल्या. ती सक्ती २०२२च्या नियमांनी उठली. राजस्थानात तर चुरू, अलवर आणि झुंझुनू जिल्ह्यांतल्या तीन खासगी विद्यापीठांना जानेवारी २०२५ मध्ये आयोगाने पाच वर्षं पीएचडीचे विद्यार्थी घ्यायला बंदी केली. पदवी ही बढतीची पावती झाली की पावत्यांचा बाजार भरणारच. यात दोष पावती मागणाऱ्या यंत्रणेचा आहे, विषयाचा नाही. बनावट औषधं विकली जातात म्हणून कुणी वैद्यकशास्त्र बंद करा म्हणत नाही.

टीकेचं म्हणाल तर बाहेरच्यांची टीका फारच बोथट असते. धारदार टीका आतून झाली आहे. हेन्री मिंट्झबर्ग यांनी २००४ साली आख्खं पुस्तक लिहून एमबीएच्या साच्यावर आघात केला. सुमंत्र घोषाल यांचा मृत्यूनंतर २००५ साली छापून आलेला निबंध तर याहून पुढे जातो: माणूस निव्वळ स्वार्थी आहे असं गृहीत धरणारे सिद्धांत आपण वर्गात शिकवले आणि त्यातून तसेच व्यवस्थापक घडवले, असा त्याचा आशय. हे दोघेही बिझनेस स्कूलमध्येच शिकवत राहिले. विषय जिवंत आहे याची याहून चांगली खूण मला माहीत नाही. गादीवर कधी कुणी ‘आपण शिकवतो तेच चुकीचं आहे’ असं लिहून छापल्याचं ऐकलंय?

आणि ‘आयआयएम आहेत की, संशोधन ते करतील’ हा तिसरा पवित्रा. आयआयएमना पदवी देण्याचा अधिकारच २०१७च्या कायद्याने मिळाला. तोवर मुख्यतः विद्यापीठांचेच विभाग या विषयात पीएचडी देत होते. शिवाय आयआयएमचं तोंड कुठे असतं? मोठ्या कंपन्यांकडे आणि परदेशी शोधपत्रिकांकडे. जयपूरलगतच्या सांगानेरच्या छपाईच्या रंगाचं पाणी कुठे जातं आणि ते शुद्ध करायचा खर्च दहा लहान कारखान्यांनी कसा वाटून घ्यावा, हा प्रश्न तिथे कुणाला बढती मिळवून देत नाही. राज्याच्या विद्यापीठात सांगानेरचीच मुलगी असते. तिला छपाईवाल्यांची भाषा येते, कोण कुणाशी बोलत नाही ते माहीत असतं. तिच्यासमोर कुणी हा प्रश्न ठेवत नाही, हे आमचं पाप.

आपल्याकडे हे कसं करायचं ते एका माणसाने करून दाखवलं होतं. अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ पुण्याच्या गोखले संस्थेत बसून नुसती पुस्तकं वाचत नव्हते. पुणे शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी त्यांच्या संस्थेने घरोघर जाऊन केली. भारतातला व्यापारी वर्ग कसा घडला यावर त्यांनी १९५९ साली लिहिलेलं पुस्तक आजही त्या विषयावर काम करणाऱ्याला टाळता येत नाही. आणि तेच गाडगीळ विठ्ठलराव विखे पाटलांबरोबर लोणीच्या प्रवरा सहकारी साखर कारखान्यात उतरले, त्याचे पहिले अध्यक्ष झाले. शेतकऱ्याने ऊस पिकवायचा आणि कारखान्याचा मालकही व्हायचं, ही गोष्ट कुणाच्या रक्तात होती? लोणीच्या माळावर तिचा कुणाला मागमूस नव्हता. ती मांडली गेली, तिच्यावर वाद झाले, सभासदांचं भागभांडवल गोळा झालं, आणि १९५०च्या सुमारास गाळप सुरू झालं. पुढे त्या सहकाराचं काय झालं यावर वेगळा लेख लागेल आणि तो गोड नसेल. पण तो लेख लिहायलाही अभ्यासच लागेल.

जयपूरच्या विभागांकडे तर अभ्यासासाठी खजिना पडला आहे. हे शहरच मुळात आखून वसवलेलं. सवाई जयसिंगाने १७२७ साली पाया घातला तेव्हा रस्ते, चौक आणि दुकानांच्या एकसारख्या रांगा ठरवल्या, ठिकठिकाणच्या व्यापाऱ्यांना जमिनी आणि करांत सवलती देऊन बोलावून आणलं, कारागिरांच्या वस्त्या धंद्यांनुसार पाडल्या. म्हणजे जोहरी बाजारातले जवाहीरही तिथल्या मातीतून उगवले नाहीत, धोरण म्हणून आणून बसवले गेले. राज्याचा कारभार छत्तीस कारखान्यांत वाटलेला होता: कुठे कापड, कुठे शस्त्रं, कुठे हत्ती-घोडे, प्रत्येकाची वेगळी जमाखर्चाची नोंद. त्या कारखानेजात वह्या आणि महसुलाचे ‘अडसट्टे’ बिकानेरच्या राज्य अभिलेखागारात आहेत. इतिहासकारांनी त्यांतून अठराव्या शतकातली शेती आणि व्यापार यांवर उत्तम पुस्तकं लिहिली. तीनशे वर्षांपूर्वीच्या एका राज्याने मालसाठा कसा ठेवला, कारागिराला मजुरी कशी दिली, चोरी कशी पकडली, हे व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्याने वाचू नये असं कुणी सांगितलंय?

अडचण सांगतात ती लिपीची आणि व्यापाऱ्यांच्या गुप्ततेची. आजचा जवाहीर वही उघडणार नाही, हे खरं. त्याच्या पणजोबाची वही मात्र उघडायला तो कदाचित तयार होईल. तिच्यावर आता ना आयकर आहे ना उधारी. बिकानेरचे ते जुने कागद वाचणारी माणसं अजून आहेत. घरच्या मुडिया वह्यांची मात्र पुढच्या पिढीला अक्षरओळखच नाही, त्या रद्दीत किंवा जुन्या वस्तूंच्या दुकानांत जाताहेत. बिझनेस कम्युनिकेशन नावाचा विषय जवळपास प्रत्येक एमबीएला असतो; त्यात ई-मेलचा मजकूर कसा लिहावा हे एक सत्र शिकवतात. त्या सत्रातले आठवड्याचे दोन तास काढून मुडिया वाचायला शिकवावं, आणि दुसऱ्या वर्षाच्या पोरांना प्रश्नावल्यांऐवजी दोन महिने बिकानेर-नवलगढला पाठवावं. बसचं भाडं विभागाच्या सेमिनारच्या जेवणावळीतून सहज निघेल.